वैशाखातली बाग आणि कॅमेरा

साताऱ्यात कॅमेरा बाळगणाऱ्या कोणालाही छायाचित्रणाचा हंगाम कोणता असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे कासचे पठार फुललेले असते तोवर. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासचा समावेश झाला आणि तेव्हापासून ही ओढ वाढतच गेली. उन्हाळ्यात मात्र तेच कॅमेरे कपाटात जातात. अजिंक्यताऱ्याचा उतार पिवळा पडलेला असतो, मधूनमधून वणव्याने काळा झालेला असतो, अंगणातली माती भेगाळते आणि दहानंतर दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा दिवसांत घरामागच्या बागेत टिपण्यासारखे काय असणार, असे मला अनेकांनी विचारले आहे. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. आमच्या बागेत वर्षभरातली सर्वांत जास्त लगबग चैत्र-वैशाखात असते आणि ती सगळी कामाची लगबग असते: घर बांधायचे, अन्न साठवायचे, पिल्ले वाढवायची, पाणी वाहून न्यायचे. जीवाचे देखणे रूप टिपण्याऐवजी त्याचे चाललेले काम टिपायचे असे एकदा ठरवले, की उन्हाळ्याइतका भरघोस ऋतू दुसरा नाही.

बाग तशी लहानच आहे. एक रायवळ आंबा, एक शेवगा, कागदी लिंबू, कडीपत्ता, जास्वंदी, मोगऱ्याची आळी, कुंपणावर चढलेली मधुमालती आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ व अळू, एवढाच तिचा संसार. एवढ्याशा जागेत उन्हाळ्यात इतके जीव का गोळा होतात याचे मूळ कारण झाडांच्या पालवीत आहे. आपल्याकडची पुष्कळ झाडे पावसाची वाट न पाहता फाल्गुन-चैत्रातच पालवतात. कडुनिंब, पिंपळ, करंज यांची त्या दिवसांतली पाने अजून निबर झालेली नसतात, त्यामुळे अळ्यांना आणि रस शोषणाऱ्या किड्यांना ती सहज खाता येतात. पाखरांचे वेळापत्रक याच्याशी जुळलेले आहे. एरवी फळांवर आणि मधावर राहणारे पक्षीसुद्धा पिल्लांना मात्र अळ्या, कोळी, माश्या असा मऊ आणि पौष्टिक आहार देतात, आणि म्हणून बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर यांची घरटी आपल्याला नेमकी याच दिवसांत दिसतात. बाहेरचे डोंगर कोरडे पडलेले असताना जिथे रोज बादलीभर पाणी पडते ती जागा या सगळ्यांना जवळची वाटते, यात नवल नाही.

घराच्या आवारातच पाहण्याजोगे पुष्कळ असते, ही दृष्टी साताऱ्याला परकी नाही. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन १८५१ मध्ये याच गावात जन्मले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात व बागेत वावरणारे उंदीर, मुंग्या, बेडूक, पाखरे हाच त्यांच्या लेखनाचा आवडता विषय होता. पुढे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीममध्ये राहत असताना सुगरणींचे जे निरीक्षण केले तेही राहत्या घराजवळच्या झाडावरचे होते. एका घरट्यात मादी स्थिरावली की नर दुसरे घरटे विणायला घेतो, हा त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष कुठल्या मोहिमेवर जाऊन हाती लागलेला नाही. एकाच झाडाकडे दिवसामागून दिवस पाहत बसल्याने तो मिळाला. घरबसल्या पाहणाऱ्याला प्रवास करणाऱ्यापेक्षा हाच एक मोठा लाभ असतो, की तो उद्याही तिथेच असतो.

आता प्रकाशाविषयी. उन्हाळ्यात प्रकाश भरपूर असल्यामुळे छायाचित्रण सोपे जाते, असा समज आहे. प्रत्यक्षात अडचण त्या भरपूरपणाचीच असते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. वर्षातून असे दोनदा घडते. दुसरी वेळ ऑगस्टच्या आरंभी येते, पण तेव्हा आभाळ बहुधा झाकलेले असते. अशा सरळ वरून येणाऱ्या उन्हात पक्ष्याची पाठ पांढरी फटक होते आणि पोट व डोळा काळोखात जातो. म्हणून पाखरांसाठी माझी वेळ उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंतची. तेवढ्या वेळात ऊन आंब्याच्या बाजूने तिरपे येते आणि डोळ्यात प्रकाशाचा ठिपका मिळतो. मधली वेळ मी किड्यांना देतो. पानांखालच्या सावलीत आकाशाचा मंद, सर्व बाजूंनी येणारा प्रकाश असतो, त्यात फ्लॅशला प्रकाश पसरवणारा पांढऱ्या कापडाचा डिफ्यूझर लावून थोडीशी भर घातली की पंखांवरच्या शिरासुद्धा स्वच्छ दिसतात. शिवाय भर दुपारी माणसे झोपलेली असतात; मातीची घरे बांधणाऱ्या कुंभारीण माश्या मात्र तेव्हाच जोमात असतात.

पाण्याची मांडणी हे उन्हाळी छायाचित्रणाचे अर्धे काम आहे असे मी मानतो. आमच्याकडे मातीची एक पसरट परात आहे, तिच्यात दोन बोटे पाणी आणि मधोमध काही खडबडीत दगड असतात. खोल भांड्यात लहान पाखरे उतरत नाहीत आणि मधमाश्या बुडतात, म्हणून दगड हवेतच. परात झुडपाला अगदी चिकटून ठेवू नये, कारण मांजर तिथे दबा धरून बसते. पण दोन-चार हातांवर एखादी फांदी असावी, म्हणजे पाखराला आधी तिथे बसून चौफेर पाहता येते. या फांदीवर बसलेल्या बुलबुलाचे चित्र पाण्यातल्या बुलबुलापेक्षा मला अधिक आवडते, कारण त्यात त्याचा निर्णय दिसतो. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावेच लागते, नाहीतर या उष्णतेत आठवडाभरात अंड्यापासून डास तयार होतात.

परातीवर सकाळी नऊनंतर सातेरी मधमाश्या येऊ लागतात. त्या तहान भागवायला येतात असे वाटते, आणि ते काही प्रमाणात खरेही आहे. पण उन्हाळ्यात त्यांच्या फेऱ्या वाढतात त्या पोळे थंड ठेवण्यासाठी. पोळ्याच्या ज्या भागात अळ्या आणि कोष असतात तिथले तापमान सुमारे ३५ अंशांच्या आसपास राखावे लागते. बाहेरचा पारा चाळिशीकडे सरकला की पाणी आणणाऱ्या माश्या पोटात पाणी भरून नेतात, आतल्या माश्या ते थेंबाथेंबाने कप्प्यांवर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. हे समजल्यावर माझी चौकट बदलली. आधी मी माशी दगडावर एकटी, मागचे सगळे पुसट, अशी चित्रे घेत असे. आता मी जमिनीवर पालथा पडून, लेन्स पाण्याच्या पातळीला आणून, ओल्या दगडाच्या कडेला रांगेने सोंडा टेकवलेल्या माश्या घेतो. आणि शक्य होईल तेव्हा उडून जाणाऱ्या माशीची दिशाही चौकटीत राहील असे पाहतो, कारण ती दिशा पोळ्याकडची असते. एक सहस्रांश सेकंदाचे शटरही त्या पंखांना पुरते थांबवू शकत नाही. मी ते थांबवण्याच्या मागे लागत नाही. शरीर स्पष्ट आणि पंख धूसर असले, तर माशी कामावर आहे हे तिथेच दिसते.

मार्चच्या मध्यापासून शिंजिराच्या मादीच्या चोचीत कोळ्याचे जाळे दिसू लागते. नर या दिवसांत विणीच्या पूर्ण पिसाऱ्यात असतो. दुरून तो केवळ काळा दिसतो, पण ऊन आपल्या पाठीमागून त्याच्यावर पडले की मस्तकावर हिरवट-निळी आणि छातीवर जांभळी झाक उमटते. हा रंग पिसांतल्या रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे. त्यामुळे पक्ष्याने मान वळवली की रंग विझतो. त्याचे चित्र घ्यायचे तर एका ठरावीक फांदीसमोर सूर्य पाठीशी घेऊन बसावे लागते, आणि गाण्यासाठी तो रोज तीच फांदी निवडतो हे आपल्याला ठाऊक असावे लागते. जास्वंदीवर तो फुलाच्या तोंडातून आत जात नाही. पाकळ्यांच्या बुडाशी बाहेरूनच चोचीने भोक पाडून मध पितो. परागांचा स्पर्शही न होता चाललेली ही मधाची चोरी टिपायला फुलाच्या समोर बसून चालत नाही, देठाच्या बाजूला बसावे लागते.

घरटे मात्र मादी एकटीच बांधते. गेल्या उन्हाळ्यात तिने न्हाणीजवळच्या कपडे वाळत घालण्याच्या तारेच्या टोकाला, जिथे मधुमालतीचा एक वाळका फाटा गुंडाळलेला होता, जागा निवडली. पहिल्या दिवसांत तिथे घरटे होते आहे असे कोणालाही वाटले नसते. जाळ्याच्या धाग्यांत अडकलेला कचरा लोंबतो आहे असेच वाटत होते. त्यात वाळलेली पाने, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, कापसाचे तंतू आणि आमच्याच एका जुन्या सतरंजीचे लाल दोरे होते. मादी प्रत्येक फेरीत कोळ्याचे धागे आणून ते चोचीने ओढून ताणत असे आणि मग आत शिरून छातीने दाबत गोल फिरत असे, त्यामुळे आतली पोकळी हळूहळू आकाराला येत गेली. शेवटी बाजूच्या दारावर एक लहानसे छज्जे तयार झाले आणि खाली चोथ्याची शेपटी लोंबकळत राहिली. हे बेंगरूळ रूपच तिचे संरक्षण आहे. कावळा त्या तारेवर येऊन बसे, तरी खाली लोंबणाऱ्या त्या गबाळाकडे त्याचे लक्ष गेले नाही.

या घरट्याचे माझ्याकडे जे चित्र आहे ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आतला दिवा मालवून, गजांमधून लांब लेन्सने घेतलेले आहे आणि ते बांधकामाच्या दिवसांचे आहे. अंडी घातल्यावर साधारण पंधरा दिवस मादी एकटीच उबवते. त्या काळात मी कॅमेरा तिकडे वळवला नाही आणि घरच्यांनी कपडे दुसऱ्या तारेवर वाळत घातले. घरट्यासमोरची पाने दूर करणे, फांदी बांधून ठेवणे, फ्लॅश मारणे, पिल्ले चोची उघडून बसलेली असताना तासन्‌तास तिथे उभे राहणे, या गोष्टी अजूनही सर्रास चालतात. दूर केलेल्या पानांतून ऊन आत येते, त्याबरोबर भारद्वाजाची आणि कावळ्याची नजरही येते. बऱ्याच छायाचित्र स्पर्धांनी घरट्यांची चित्रे स्वीकारणे बंद केले आहे आणि हा नियम मला पूर्ण योग्य वाटतो. पिल्लाला भरवणाऱ्या पक्ष्याच्या चित्राला मिळणारी वाहवा पुष्कळदा पिल्लाच्या जिवावर उठते.

जिन्याखालच्या भिंतीवर कुंभारीण माशीचे काम चालते. हे मी सर्वांत जवळून पाहिलेले आहे, कारण ही माशी आपल्या कामात इतकी गढलेली असते की वीतभर अंतरावरच्या लेन्सकडे ती लक्ष देत नाही. सगळीकडची माती तापून दगड झालेली असते, म्हणून नळाच्या गळतीखालची ओली जागा तिच्यासाठी मोलाची ठरते. ती तिथे उतरते, डोके खाली आणि पोट वर करून जबड्याने चिखल खरडते, पुढच्या पायांनी त्याची वाटाण्याएवढी गोळी करते आणि जिन्याखाली नेते. गोळी भिंतीवर पसरताना ती एका बारीक, उंच स्वरात गुणगुणते. त्या कंपनांनी चिखल सैल होऊन सारखा बसतो. एक कप्पा पूर्ण झाला की तिची दुसरी ये-जा सुरू होते: दंश करून निश्चल केलेले कोळी एकामागून एक आत भरले जातात, त्यांपैकी एकावर अंडे घातले जाते आणि तोंड लिंपून बंद होते. कोळी मेलेले नसतात म्हणून सडत नाहीत. अळी बाहेर आली की तिला ताजे अन्न मिळते, आणि आई तोवर शेजारचा कप्पा बांधायला लागलेली असते. स्वतः मात्र ती फुलातला मध पिऊन राहते.

या चित्रणात अडचण येते ती चित्र किती खोलवर स्पष्ट राहते याची. प्रत्यक्ष आकाराइतकी मोठी प्रतिमा मॅक्रो लेन्सने घ्यायची तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ ११ इतके लहान ठेवूनही एखाद-दोन मिलिमीटरच स्पष्ट राहते. माशीचा डोळा नीट आला तर कंबर जाते, आणि या माशीची सगळी नजाकत तिच्या दोऱ्याएवढ्या बारीक कंबरेत आहे. उपाय एकच: कॅमेरा भिंतीला समांतर धरायचा, म्हणजे डोके, कंबर आणि पोट एकाच पातळीत येते, आणि लेन्सची कडी फिरवण्याऐवजी स्वतः केसभर पुढे-मागे होत राहायचे. उन्हाळ्यात घामाने बोटे निसटतात, कपाळावरचा थेंब डोळ्यात जातो, म्हणून मी खांद्यावर पंचा ठेवतो. याच जिन्याखाली एकदा हिरव्या-निळ्या चकाकत्या रंगाची एक लहान माशी मला दिसली. ती कोकिळेच्या जातीचे काम करते: कुंभारणीची पाठ फिरली की उघड्या कप्प्यात आपले अंडे घालते, आणि सापडलीच तर अंगाचा गोळा करून कठीण कवचाच्या आड पडून राहते. बांधणारी आणि लुटणारी, दोघीही एकाच चौकटीत आल्या ते चित्र तांत्रिकदृष्ट्या सामान्य आहे, तरी माझ्या संग्रहात मी त्याला फार वरचे स्थान देतो.

लिंबाच्या आणि कडीपत्त्याच्या रोपांवर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालते. तिच्या अळ्यांचे पहिले काही दिवसांचे रूप पक्ष्याच्या विष्ठेसारखे असते, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पुढच्या कातींनंतर तीच अळी पानासारखी हिरवी होते. तिला काडीने जराही डिवचले की डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाचा दुभंगलेला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शत्रू त्याने मागे सरतात. मुद्दाम डिवचण्याची गरज नाही, मुंग्या हे काम स्वतःहून करतात आणि थोडा धीर धरला तर तो प्रसंग आपोआप टिपता येतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास या उष्णतेत तीन-चार आठवड्यांत आटोपतो, म्हणजे एका महिन्यात एकाच रोपावर सगळ्या अवस्था पाहायला मिळतात. हिरव्या पानांत झालेला कोष हिरवा आणि वाळक्या काडीवरचा तपकिरी असतो, हे एकाच रोपावर शेजारी शेजारी दिसले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

कुठल्याही रोपवाटिकेत लिंबावरच्या या अळीचे नाव काढले की औषधाची बाटली पुढे केली जाते. शेतकऱ्याच्या लिंबूबागेचा प्रश्न वेगळा आहे, त्याचे पोट त्यावर आहे. घराच्या बागेत मात्र अळीने पाचपंचवीस पाने खाल्ली तर झाड मरत नाही, पाऊस पडला की ते पुन्हा फुटते. फवारणी केली तर अळी जाते, अळीवर पोसणारी शिंप्याची पिल्ले उपाशी राहतात, आणि मग फुलपाखरांची चित्रे घेण्यासाठी आपण पैसे देऊन दुसऱ्याच्या उद्यानात जातो. मला बागेच्या स्वच्छतेविषयीच्या आपल्या कल्पनाच तपासून पाहाव्याशा वाटतात. वाळकी काडी दिसली की छाटायची, पाला पडला की जाळायचा, भिंतीवरचे मातीचे घर खरडून काढायचे, जिथे माती दिसेल तिथे फरशी टाकायची, हे सगळे आपण नीटनेटकेपणा म्हणून करतो. निळ्या पट्ट्यांची जी माशी टोमॅटोच्या आणि वांग्याच्या फुलाला धरून, अंग थरथरवून त्यातले पराग खाली पाडते, तिचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून रांगेत झोपतात. पहाटे, ऊन अंगावर येण्याआधी, ते हलत नाहीत. मोगऱ्याच्या आळ्यातली अशी एक काडी मी छाटू दिलेली नाही, आणि मॅक्रो छायाचित्रणासाठी इतका शांत, इतका रेखीव विषय मला दुसरा मिळालेला नाही. किडे हलू नयेत म्हणून त्यांना पकडून फ्रीजमध्ये गारठवण्याची जी पद्धत काही जण वापरतात ती मला क्रूर वाटते, आणि अनावश्यकही. पहाटे उठले तर तेच काम निसर्ग करून ठेवतो.

भाजी धुतलेले पाणी जिथे पडते त्या वाफ्याच्या कडेला सरडा असतो. एप्रिलपासून नराचे डोके आणि गळा तांबडा होतो, तो कुंपणाच्या खांबावर चढून पुढच्या पायांवर शरीर वरखाली करतो, गळ्याची पिशवी फुगवतो आणि दुसरा नर दिसला की रंग आणखी गडद करतो. हा प्राणी आपल्याकडे उगाच बदनाम आहे. तो विषारी नाही, तो कोणाचे रक्त शोषत नाही; गळा लाल होतो म्हणून लोकांनी ती कथा रचली आणि मुले त्याला दगड मारू लागली. त्याचे चित्र उभे राहून वरून घेतले तर ते एका सरपटणाऱ्या जनावराचे होते. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर येऊन, त्याचा खांब आणि त्या खांबावरून दिसणारे त्याचे राज्य चौकटीत घेऊन काढले, तर पाहणाऱ्याला तो काय राखतो आहे ते कळते. शेजारच्या मुलांना मी अशीच काही चित्रे दाखवली. त्यानंतर त्यांच्यातल्या एकाने मला येऊन सांगितले की त्यांच्याकडचा सरडा फाटकाच्या खांबावर बसतो आणि दुपारी तिथे नसतो.

चित्रे काढून झाल्यावर त्यांचे काय करायचे, याबद्दलही माझे मत आहे. प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, झाडाचे नाव आणि जीव काय करत होता हे मी लिहून ठेवतो. पाखरांच्या नोंदी ई-बर्डवर आणि किड्या-फुलपाखरांच्या आय-नॅचरलिस्टवर देतो; २००२ आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या या दोन्ही संकेतस्थळांवर आपली चूक दाखवणारी जाणकार मंडळी भेटतात आणि नावाची खात्री होते. एप्रिलच्या अखेरीस सिटी नेचर चॅलेंज नावाचा उपक्रम असतो, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांत तो सुरू झाला आणि आता भारतातली शहरेही त्यात भाग घेतात. त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही, ओळखता येईल असे मोबाइलवरचे चित्र पुरते. अशा नोंदींचा खरा उपयोग काही वर्षे साठल्यावर कळतो. शिंजिराच्या मादीने पहिला धागा कधी उचलला, बहाव्याचा पहिला घोस कधी लोंबला, पावशाची हाक पहिल्यांदा कधी ऐकू आली, हे आठवणीवर सोडले तर दरवर्षी ‘यंदा लवकरच’ असे वाटते. तारखा समोर असल्या की कोणती गोष्ट सरकली आणि कोणती जागची हलली नाही ते दिसते.

मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर यवतेश्वराच्या बाजूने ढग चढू लागतात आणि एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो. पहिला जोरदार पाऊस झाला की जमिनीतून पंख फुटलेल्या वाळव्या निघतात. पाली, बेडूक, कोतवाल, बुलबुल, साळुंक्या, ज्याला जमेल तो त्यांच्यावर तुटून पडतो, आणि प्रकाश इतका कमी असतो की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावाच लागतो आणि चित्रात दाणे येतात. मी ती दाणेदार चित्रेच ठेवतो. हवेत दमटपणा आला की लेन्सवर बुरशी चढण्याचा धोका असतो, म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात जातो आणि रोज लागेल तेवढाच बाहेर येतो. बागेतले काम मात्र चालू असते. पावसाने माती मऊ झाली की सरड्याची मादी वाफ्यात खड्डा उकरते, दहा-वीस अंडी घालते, माती परत ओढून डोक्याने दाबते आणि निघून जाते. पिल्ले बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे श्रावण संपेपर्यंत तो वाफा कोणी खणायचा नाही असे घरात ठरलेले आहे, आणि यंदा मेथी त्याच्या पलीकडच्या वाफ्यात टाकायची आहे.